जॉब सांभाळून नागपुरात साइड इन्कम, खरंच जमते का कोणाला?

बुटीबोरी_पॅसेंजर:

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचून राहिलो होतो, आज लिहायची वेळ आली. मी मेकॅनिकल इंजिनीअर, बुटीबोरीला एका कंपनीत डिझाइनला आहे. हातात ४६ हजार येतात. बेसाला टू बीएचके घेतला त्याचा हप्ता २१ हजार, मग पोरीची शाळा, व्हॅनवाला, बाबांच्या शुगरच्या गोळ्या, सोसायटीचं मेंटेनन्स, अन् उन्हाळ्यात दोन कूलर चालले की लाइटबिल बघवत नाही, अशानं वीस तारखेनंतर मी गाडीत पेट्रोलसुद्धा दोनशेचंच टाकतो. इन्क्रिमेंट म्हणाल तर यावर्षी ६ टक्के, अन् वरून भाषण की मार्केट डाउन आहे, मिळालं हेच खूप समजा.

मला लाखाची स्वप्नं नाहीत. महिन्याचे १०-१२ हजार वरचे आले तरी पुष्कळ झालं. कंपनीची बस सकाळी सातला असते, संध्याकाळी घरात पाय टाकेपर्यंत पावणेसात होतात, म्हणजे वेळ काय तो रात्रीचा अन् रविवारचा.

डोक्यात जे आहे ते सगळं लिहून टाकतो, हसू नका. एक म्हणजे साळ्याच्या ओळखीनं काटोलकडच्या बगीच्यातून संत्रा उचलायचा अन् पेट्या पुण्याला पाठवायच्या, तिकडे चुलतभाऊ आहे. दुसरं, ऑफिसातला एक जण शेअर बाजारात ऑप्शन ट्रेडिंग करते, रोज लंचला स्क्रीनशॉट दाखवते. तिसरं, बायको शाळेत शिक्षिका आहे, तिनं घरी ट्यूशन घ्यायच्या. चौथं, यूट्यूबवर मराठीत ऑटोकॅड शिकवायचं. बाकी हिंगणा एमआयडीसीतले एक-दोन वर्कशॉपवाले कधीमधी पार्ट आणून देतात की याचं ड्रॉइंग काढून द्या साहेब, ते मी असंच चहापाण्यावर करून देतो, ते काही धंदा म्हणून नाही.

विचारायचं हे की यातलं काय जमण्यासारखं आहे, टॅक्स किती बसेल, अन् कंपनीला कळलं तर काय होईल. खरं सांगा, मोटिव्हेशन नको.


निफ्टी_नागपूर:

भाऊ ऑप्शनच. कॅपिटल कमी लागते, ऑफिसात बसून मोबाइलवर होते, एक्स्पायरीच्या (सौद्याची मुदत संपते त्या) दिवशी दोन तास दिले की तुमचे १२ हजार निघाले. मी दोन वर्षांपासून करून राहिलो. स्टॉपलॉस पाळायचा बस.


हिशोबनीस:

निफ्टीभाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्यासारख्यांचे आयटीआर-३ (इन्कम टॅक्स रिटर्नचा फॉर्म) भरता भरता आमच्या ऑफिसचा जुलै जातो, आणि त्यात नफ्याचा आकडा क्वचितच दिसतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास काढला होता, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) करणाऱ्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. पुढच्या वर्षीचा आकडा आला तो ९१ टक्के. स्क्रीनशॉट दाखवणारा माणूस फक्त हिरवा दिवस दाखवतो, लालवाल्या दिवशी तो लंचला डबा खाली मान घालून खातो. ज्याच्याकडे वीस तारखेनंतर पेट्रोलला पैसे नाहीत त्यानं तिकडे फिरकूच नये, हे माझं स्पष्ट मत.

आता पॅसेंजरभाऊ, टॅक्सचं. तुम्ही ज्याला घाबरून राहिले ते सगळ्यात सोपं आहे. पगार वर्षाचा साडेसहा लाख धरतो. वरचे महिन्याला १२ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. ते जर ड्रॉइंगच्या कामातून आले तर इंजिनीअरिंग हा व्यवसाय आयकर कायद्याच्या कलम ४४एडीएच्या यादीत बसतो, म्हणजे जमा झालेल्या रकमेच्या निम्मे, ७२ हजार, नफा म्हणून दाखवायचे, वह्या ठेवायची, पावत्या सांभाळायची कटकट नाही. (१ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे नंबर बदलले, पण आमच्याकडे सगळे अजून ४४एडीएच म्हणतात.) पगारातून ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन जाते, नवीन रिजीममध्ये (करपद्धतीत) १२ लाखांपर्यंत रिबेट आहे, तुमचा टॅक्स शून्य. शून्य! फक्त रिटर्न आयटीआर-१ मध्ये नाही भरायचं, आयटीआर-४ लागेल.

जीएसटी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, तो विषयच नाही. पार्टी मोठी असेल तर ती टीडीएस कापेल, तो एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक नोंदीत) दिसेल आणि रिटर्न भरलं की परत येईल.

एकच ठिकाणी जपा. घराच्या हप्त्याचं व्याज दाखवायला तुम्ही जुन्या रिजीममध्ये असाल तर नुसत्या पगारदाराला दरवर्षी इकडून तिकडे उडी मारता येते, पण धंद्याचं उत्पन्न आलं की तसं नाही. मग जुन्यात राहायला त्यासाठीचा वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि एकदा नवीनमध्ये परतलात की तो धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुन्यात जाता येत नाही. हे रिटर्न भरायच्या रात्री नाही, आधी ठरवायचं.

संत्र्याचा हिशोब वेगळा, तो माल आहे, तो ४४एडीएत येत नाही.


पेटीवाला:

संत्र्यावर मी बोलतो. दोन सीझन केला, आता फक्त नातेवाइकांपुरता करतो.

लोकांना वाटते नागपुरात राहतो म्हणजे संत्रा आपल्या घरचाच. २०१४ पासून जीआय टॅग आहे, पुण्यात नाव सांगितलं की गिऱ्हाईक खूश, हे सगळं खरं. पण आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आसपास येते, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये, मधल्या महिन्यांत तुमचं इन्कम काय? झिरो. म्हणजे महिन्याचे १२ हजार हा प्रकारच नाही यात, सीझनला येतील ते येतील.

अन् माल निवडणं हे सगळ्यात मोठं काम आहे. फळ झाडावरून कात्रीनं कापलेलं पाहिजे, देठाची बारीक टिकली फळावर राहिली पाहिजे. मजूर घाईत असला की ओढून तोडते, मग देठापाशी साल फाटते, वरून काहीच दिसत नाही, अन् ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत रात्रभर गरम झालं की तिथूनच हिरवी बुरशी धरते. एक फळ सडलं की शेजारची चार घेऊन जाते. म्हणून पेटी भरताना एकेक फळ उलटं करून देठ बघावं लागते. शंभर किलो माल असला तर घरातल्या हॉलमध्ये रात्री बारापर्यंत बसा, बायको-पोरं सगळी कामाला.

तेही करून घेऊ, पण फोनचं काय करता? सकाळी अकराला तुम्ही मीटिंगमध्ये अन् तिकडे कोथरूडची मॅडम म्हणते सहा फळं दबलेली निघाली, पैसे परत करा, फोटो पाठवलेत बघा. गाडी पुण्यात पहाटे पोचते, तुमचा चुलतभाऊ रोज उठून जाणार का माल उतरवून घ्यायला? पहिल्या वेळी जातो. कळमना मार्केटचा भाव सकाळी एक, दुपारी एक. घरी राहणारा कोणी पूर्णवेळ पाहणारा असेल तर धंदा चांगला आहे, शिफ्टवाल्या माणसाचं काम नाही. माझं मत.

यूट्यूबचं मला कळत नाही पण भाच्यानं चॅनल काढला होता, हजार सबस्क्रायबर अन् वर्षात चार हजार तास लोकांनी बघितल्याशिवाय जाहिरातीचा पैसा चालू होत नाही म्हणे. तोवर फुकटच.


लेटर_आधी_वाचा:

मी एचआरमध्ये आहे, कंपनीचं नाव विचारू नका. इथे सगळे काय करू यावर बोलून राहिले, अपॉइंटमेंट लेटर कोणी काढलं का बाहेर? जॉइन होताना सही केली ती पानं. त्यात बहुतेक एक वाक्य असते की नोकरीत असताना दुसरं कुठलंही काम, धंदा, सल्लागिरी, मानधनाचं असो की बिनमानधनाचं, कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय करणार नाही. 'बिनमानधनाचं' हा शब्द बघा. म्हणजे भाऊ, चहापाण्यावर करता तेसुद्धा त्यात येऊ शकते.

दुसरं वाक्य, नोकरीच्या काळात तुम्ही केलेलं डिझाइन, ड्रॉइंग, कल्पना ही कंपनीची मालमत्ता. डिझाइनवाल्याला हे सगळ्यात जास्त लागू.

२०२२ मध्ये विप्रोनं ३०० लोकांना काढलं ते आठवत असेल, ते प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत होते असं सांगितलं होतं. त्याच वर्षी इन्फोसिसनं मात्र मॅनेजरची परवानगी घेऊन बाहेरचं गिग काम करता येईल असं कळवलं, अट अशी की कंपनीशी किंवा क्लायंटशी स्पर्धा नको. म्हणजे सगळ्या कंपन्या नाहीच म्हणतात असं नाही. विचारावं लागते, अन् कागदावर विचारावं लागते.


गोकुळपेठ_कट्टा:

विचारू नको भाऊ. विचारलं की नाहीच म्हणतात, अन् मग तुझ्यावर नजर ठेवतात. माझ्या ओळखीत पन्नास लोक करून राहिले, कोणी ट्यूशन घेते, कोणी लग्नाचे फोटो काढते, कोणी एलआयसी बायकोच्या नावानं करते. कोणाला कळते? रात्री घरी बसून दोन ड्रॉइंग काढली तर एचआर काय घरी येणार का झाडू मारायला?


लेटर_आधी_वाचा:

एचआर घरी येत नाही, त्याला यायची गरजच पडत नाही. कसं कळते ते सांगतो. पीएफचा यूएएन (नंबर) माणसाला एकच असतो, दुसरीकडे पगारावर लागलात अन् तिथेही पीएफ कापला तर एकाच महिन्यात दोन कंपन्या दिसतात. ड्रॉइंगच्या कामात हे होणार नाही, मान्य. पण कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनीच्या लायसन्सचं सॉफ्टवेअर उघडून रात्री साडेदहाला कोणाच्या तरी शाफ्टची फाइल सेव्ह केली तर ते लॉगमध्ये राहते. अन् सगळ्यात जास्त केसेस कशानं उघडतात माहीत आहे? शेजारच्या टेबलवाल्यानं सांगितल्यानं. प्रमोशनच्या महिन्यात.

पन्नास लोक करून राहिले म्हणता, बरोबर, त्यातला एक सापडला की बाकी एकोणपन्नास त्याच्याकडे बघतही नाहीत. २१ हजारांचा हप्ता असलेल्या माणसानं ४६ हजारांची नोकरी १२ हजारांसाठी टांगून ठेवावी का, तुम्हीच सांगा.

असा मेल टाका, फार लांबवू नका: "कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या साधनांवर, लहान वर्कशॉपसाठी सुट्या भागांची ड्रॉइंग करून देण्याचं काम करण्याची परवानगी मिळावी. ही वर्कशॉप आपल्या कंपनीचे ग्राहक, पुरवठादार किंवा स्पर्धक नाहीत. कंपनीची माहिती, सॉफ्टवेअर वा उपकरणं यात वापरली जाणार नाहीत." आधी तुमच्या साहेबांशी तोंडी बोला, मग मेल. अन् ती वर्कशॉप खरंच तुमच्या कंपनीचे व्हेंडर नाहीत ना हे तपासा, हिंगण्यातला अर्धा माल बुटीबोरीलाच जाते.


शासकीय_पण_गरजू:

मधेच विचारतो, माझं काय? मी राज्य शासनात आहे.


लेटर_आधी_वाचा:

तुमच्यासाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत. खाजगी धंदा किंवा दुसरी नोकरी पूर्वपरवानगीशिवाय नाही. कधीमधी कथा-कविता, लेख लिहिणं वेगळं, धंदा वेगळा. बायकोच्या नावावर विमा एजन्सी असेल तर तीसुद्धा कार्यालयाला कळवावी. गोकुळपेठ_कट्टा यांचं ऐकू नका.


लक्ष्मीनगर_ताई:

पॅसेंजरदादा, तुमच्या चार आयडियांपैकी एक तुमची नाहीच, ती तुमच्या बायकोची आहे. तिला विचारलं का? मी शिक्षिका आहे म्हणून सांगते, आरटीई कायद्याच्या कलम २८ मध्ये शिक्षकानं खाजगी ट्यूशन घ्यायची नाही असं सरळ लिहिलं आहे. घेतात पुष्कळ जणी, मला माहीत आहे, पण तुमचा प्लॅन तिच्या नोकरीवर उभा करू नका.

आणि कायद्याचं सोडा. ती शाळेतून येते, पोरीचा अभ्यास घेते, बाबांचं जेवण-गोळ्या बघते, पेपर तपासते. तुम्ही पावणेसातला येता आणि आता साडेआठला आतल्या खोलीत कॉम्प्युटर लावून बसणार. मग ओटा कोण आवरणार, पोरीला झोपवणार कोण? तुमचे १२ हजार तुमच्या एकट्याच्या कष्टाचे नसणार, निम्मे तिचे असणार, हे आधीच मान्य करून टाका. आमच्याकडे यांनी रात्रीची ऑनलाइन कामं घेतली होती तेव्हा मी सांगितलं, आलेल्या पैशातून आधी धुणंभांड्याला बाई लागेल, मग उरेल ते तुमचं. लावली. त्यानंतर घरात शांतता आहे.

आणि कृपा करून टेलिग्रामवर लाइक करा, रिव्ह्यू द्या, दिवसाला दोन हजार मिळवा असल्या मेसेजला उत्तर देऊ नका. आधी दीडशे-दोनशे खरंच पाठवतात, मग टास्कसाठी भरा म्हणतात आणि हजारो घेऊन गायब. आमच्या कॉलनीत शिकलेले लोक फसलेत. झालंच तर लगेच १९३० ला फोन करायचा, उशीर केला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.


हिंगणा_लेथ:

लय वेळापासून वाचून राहिलो. बाप्पा, या माणसानं आपलं उत्तर आपल्याच पोस्टीत शेवटी लिहून ठेवलं अन् वरून म्हणते ते काही धंदा नाही. मी तोच वर्कशॉपवाला समजा. तुमच्याकडे येते तो मी नाही, पण माझ्यासारखाच कोणीतरी.

आमचं काम कसं असते सांगतो. गोंदियाकडच्या राइस मिलवाल्याचा शाफ्ट तुटते, तो दोन तुकडे पोत्यात घालून एसटीनं पाठवते, फोनवर सांगते सीझन चालू आहे परवा पाहिजे. ड्रॉइंग कुठं हाय? नाही. कंपनी बंद पडून जमाना झाला. मग माझा ऑपरेटर व्हर्नियर लावते अन् खडूनं पत्र्यावर आकडे लिहिते. आता झिजलेल्या पार्टचं माप घेतलं तर झिजलेलंच माप येणार ना. तिथं त तुमच्यासारखा माणूस पाहिजे. हाउसिंगमध्ये बेअरिंग ६२०५ हाय हे पाहिलं की ज्याला कळते त्याला कळते, आत २५, बाहेर ५२, रुंदी १५ मिलीमीटर. म्हणजे हाउसिंगचं भोक मूळचं ५२ चंच असलं पाहिजे, व्हर्नियर ५२.२ दाखवो की काही दाखवो. अन् त्या ५२ वर एच७ टॉलरन्स टाकला, म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल ते, शून्य ते अधिक ३० मायक्रॉन, बास, मग मी ते काम कोणत्याही सीएनसीवाल्याला बिनधास्त देऊ शकतो. टॉलरन्स नसलेलं ड्रॉइंग म्हणजे नुसतं चित्र. एकदा लॉट ढिला गेला की मटेरियलचा पैसा माझा जाते, ड्रॉइंगवाल्याचा नाही.

मले महिन्याला दहा-बारा असे पार्ट निघतात. साध्या शाफ्ट-बुशला ४००-५०० मी आनंदानं देईन, गिअर असला की जास्त, पूर्ण असेंब्ली असली त तासावर बोलू. माझ्या एकट्याच्यानं तुमचे १२ हजार होणार नाहीत, पण आमच्या लाइनीत शेड भरपूर हायेत, अन् एकाचं चांगलं झालं की दुसरा विचारतेच. मले पीडीएफ अन् डीएक्सएफ (कॅडमध्ये उघडणारी ड्रॉइंगची फाइल) पाहिजे, बाकी तुम्ही कशात काढता त्याच्याशी देणंघेणं नाही.


बुटीबोरी_पॅसेंजर:

एवढे रिप्लाय येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार मानत बसत नाही, मुद्द्याचं लिहितो.

लेटर काढलं. ताईंना सांगतो, बायकोनंच काढून दिलं, तिला फाइल कुठं आहे ते माहीत होतं. 'बिनमानधनाचं' शब्द आहे भाऊ त्यात, जसंच्या तसं. साहेबांशी बोललो. ते म्हणाले माझी हरकत नाही, पण आपल्या व्हेंडर लिस्टमधली शेड नको अन् ऑफिसात त्या विषयाचा फोन नको. मेल टाकला आहे, एचआरकडून उत्तर यायचं आहे. तोवर कोणाचं काही घेत नाही, चहापाण्यावरचं पण बंद.

संत्रा अन् यूट्यूब कॅन्सल. ऑप्शनवाल्याला आज लंचला विचारलं की मागच्या पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट दाखव, तर म्हणे नेट स्लो आहे.

सॉफ्टवेअरचं विचारतो. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर काहीच नाही. विकत घ्यायचं म्हणजे पहिल्या वर्षाची कमाई त्यातच जाईल. क्रॅक टाकायचं मन नाही.


लेटर_आधी_वाचा:

क्रॅक अजिबात नको, अन् काही सॉफ्टवेअरचं घरगुती वापराचं फुकट लायसन्स मिळते त्याच्या अटी वाचा, पैसे घेऊन काम करायला ते बहुतेक चालत नाही.


ड्राफ्टिंग_धरमपेठ:

फ्रीकॅड घे भाऊ, ओपन सोर्स आहे, धंद्याला वापरलं तरी फुकट. १.० व्हर्जन नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं त्यानंतर बराच सुधारला आहे, आधी मॉडेलमध्ये मागे जाऊन काही बदललं की पुढचं सगळं तुटायचं. शाफ्ट, बुश, फ्लँज, ब्रॅकेट याला आरामात पुरते. पीडीएफ, डीएक्सएफ दोन्ही निघते. पहिले दोन-तीन रविवार शिव्या देशील, बटणं वेगळीकडे आहेत, मग हात बसतो. अन् एक डिजिटल व्हर्नियर अन् मायक्रोमीटर स्वतःचं घे, कंपनीतलं बॅगेत घालून आणू नको, गेटवर चेकिंगला सापडलं तर परवानगीचा मेल काही कामाचा नाही.

पहिली एक-दोन ड्रॉइंग फुकट करून दे म्हणजे नाव होईल.


हिंगणा_लेथ:

फुकट काऊन? फुकटवाल्या ड्रॉइंगवर आमचाच भरवसा नसते. अन् फुकट घेणारा माणूस तिसऱ्यांदाही फुकटच मागते, मी आमच्याच लोकांबद्दल सांगून राहिलो. नवीन पार्टीकडून निम्मे पैसे आधी घ्या, पीडीएफवर मोठ्या अक्षरात 'मंजुरीसाठी' असं लिहून पाठवा, पैसे आले की डीएक्सएफ सोडा. उधारी ठेवली की शेडच्या चकरा मारत बसाल, त्यात तुमचा रविवार जाईल.

अन् ड्रॉइंगवर खाली हे लिहा की नमुन्यावरून घेतलेली मापं, मशिनिंगआधी जोडणीच्या भागाशी तपासून घ्यावी. मी तपासतोच, पण सगळे नाही तपासत अन् मग भांडायला तुमच्याकडे येतात.


गोकुळपेठ_कट्टा:

म्हणजे शेवटी परवानगी मागितलीच 😀 नाही म्हणाले तर काय करशील?


बुटीबोरी_पॅसेंजर:

नाही म्हणाले तर नऊ वर्षांचा अनुभव घेऊन इथल्या मिहानमधल्या कंपन्यांचे अन् पुण्याचे इंटरव्ह्यू देईन, सीव्ही कालच अपडेट केला. खरं म्हणजे सीव्ही लिहिताना लक्षात आलं की ६ टक्क्यांवर गप बसलो हेच जास्त महाग पडून राहिलं. पण दोन्ही चालू ठेवतो.

हिशोबनीसभाऊ, बिल कसं बनवायचं? माझ्याकडे ना दुकान ना जीएसटी नंबर.


हिशोबनीस:

साध्या लेटरहेडवर बनवा. तुमचं नाव, पत्ता, पॅन, बिल नंबर एकपासून सलग, तारीख, पार्टीचं नाव, पार्ट कोणता, रक्कम. वर 'टॅक्स इन्व्हॉइस' लिहू नका, ते जीएसटी नोंदणी असलेल्यानं लिहायचं, तुम्ही नुसतं 'बिल' लिहा. जीएसटीच्या नावानं एक रुपयाही वेगळा लावायचा नाही. पैसे यूपीआयनं किंवा बँकेत घ्या, आणि पगाराच्या खात्यात नको, वेगळं सेव्हिंग खातं उघडा, मार्चमध्ये मला एकच स्टेटमेंट पाठवलं की काम झालं. रोख देतो म्हणणारा भेटला तरी बिल फाडायचं.

आणि हो, परवानगीचा मेल आला की त्याची प्रिंट काढून त्याच फाइलमध्ये ठेवा जी वहिनींना माहीत आहे.